हिरव्या रंगातली मुलं

निशिकांत आमच्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्याजवळ दोन बॅगा होत्या आणि मनगटावर एक रबरी पट्टा होता. तो पट्टा त्याची पावलं मोजायचा. दिवसाचा आकडा भरला नसला, की जेवण झाल्यावर तो हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फेऱ्या घालत राही. रस्ता ओलांडला की समुद्र होता. दूरवर जहाजं गोठ्यातल्या गुरांसारखी शांत उभी असत, वाऱ्याला मिठाचा वास असे. तिकडे जा म्हटलं तर म्हणायचा, तिकडे गेलं की वेळ जातो. चालायचं कशासाठी हे विसरून नुसती पावलं भरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याच आठवड्यात त्याच्याबद्दल माझं मत झालं, आणि पुढच्या तीन वर्षांत ते बदलावं असं त्याने काही केलं नाही.

घर म्हणजे माझी लेक सुनेत्रा हिचा सिंगापुरातला, मरीन परेडचा फ्लॅट. जावई प्रताप जुरोंग आयलंडवर एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनियर, नात राधिका तेव्हा तिसरीत. मी एकटा पडल्यापासून वर्षाचा बराचसा काळ त्यांच्याकडेच काढतो. स्वयंपाकघराला लागून एक खोली मोकळी होती, ती त्यांनी २०१४ साली निशिकांतला भाड्याने दिली. मुलगा बार्शीचा. पुण्यात शिकला, हिंजवडीत काही वर्षं नोकरी केली, आणि आता इथल्या एका विद्यापीठात स्कॉलरशिपवर पीएचडी करत होता. नाकीडोळी नीटस, बोलायला मऊ, जेवल्यावर स्वतःचं ताट घासून ठेवणारा. त्याच्यात वाईट काही नव्हतं. काही माणसांत वाईट मावेल एवढी जागाच नसते.

त्याच्या विषयाचं नाव लर्निंग ॲनालिटिक्स. त्याने मला ते समजावून सांगितलं, आणि समजायला अवघड नव्हतं. मूल संगणकावर शिकतं तेव्हा कुठे बोट लावतं, किती वेळ थांबतं, कधी परत येतं, याच्या खुणा मागे राहतात. त्या खुणा गोळा करायच्या आणि त्यावरून मूल शिकतंय का, पुढे नापास होईल का, हे सांगायचं. मी विचारलं, मुलालाच विचारलं तर? त्यावर तो हसला. म्हणाला, मुलं काहीही सांगतात काका, डेटा कधी खोटं सांगत नाही.

मऊ मातीत पाखरू नाचून गेलं की ठसे राहतात. त्या ठशांवरून पाखरू कुठलं, कुठून आलं, कशाला बुजलं, हे सांगणारी माणसं आमच्या रानात होती. पण त्यांनी आयुष्यभर पाखरंही पाहिलेली असत. निशिकांतने पाखराकडे बघायचंच नाही असा नेम धरला होता. राधिका रोज त्याच्यासमोर हॉलमध्ये अभ्यासाला बसायची. पेन्सिल चावायची, न सुटलेल्या गणिताच्या कडेला ससा काढायची, एकदम काही कळलं की पाय हलवायची थांबायची. हा कानात इअरफोनची बोंडं घालून तिच्या वहीवरून पाय टाकून आपल्या खोलीत जायचा, दार लावायचा, आणि मुलं कशी शिकतात यावर लिहायचा. मी एकदा त्याला राधिकाजवळ बस म्हटलं, तर तो म्हणाला की जवळून निरीक्षण केलं की मुलांचं वागणं बदलतं, डेटा खराब होतो.

तिसऱ्या वर्षी त्याच्यावर संकट आलं. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या ज्या खुणांवर त्याचा प्रबंध उभा राहायचा होता, त्या वापरायची परवानगी समितीने नाकारली. त्याच्या प्रोफेसरबाई सरळ होत्या. त्यांनी सांगितलं की दुसरा डेटा शोध, नाहीतर स्कॉलरशिप संपली की घरी जा. घरी म्हणजे रिकाम्या हाताने हिंजवडीला. तिथे त्याच्याबरोबरची मुलं आता मॅनेजर झाली होती. निशिकांतला नीट झोप लागेना. पट्टा त्याला तेही मोजून दाखवायचा.

मग त्याला रविवारची मराठी शाळा आठवली.

इथल्या आपल्या लोकांनी ही शाळा चालवलेली होती. एका कम्युनिटी क्लबातली खोली, फळा, प्लास्टिकच्या खुर्च्या. शिकवणारी अनघा. आठवडाभर ती एका बँकेत अकाउंट्स बघायची आणि रविवारी पदरमोड करून मुलांना मराठी शिकवायची. बाई घसा बसेपर्यंत ओरडायची, पण मुलं तिला बिलगायची. ‘भ’ शिकवायला पिशवीतून भेंड्या आणायची आणि तास संपला की त्या त्यांनाच चिरायला लावायची. अडचण एवढीच की मुलं कमी होत चालली होती. कुणाचं पोहणं, कुणाचं बुद्धिबळ, कुणाची गणिताची ट्यूशन. म्हणून निशिकांतने मराठीचं ॲप बनवतो म्हटल्यावर ती तयार झाली. अक्षरं, शब्द, छोट्या गोष्टी, सगळं तिने निवडून दिलं, स्वतःच्या आवाजात म्हणून दिलं. तिची अट एकच होती, आणि ती तिने माझ्यासमोर घातली.

“वर्ष संपलं की मुलांना खरंच काय आलं, काय नाही, ते तू उभं राहून सगळ्या आई-बापांसमोर सांगायचंस. गोड करून नाही. मी सांगितलं तर त्यांना वाटतं, मी कुरकुरते. तुझं ते ऐकतील.”

“शब्द दिला ताई,” निशिकांत म्हणाला.

ॲप प्रत्येक घरात गेलं. मुलाने बोट लावलं की ते निशिकांतच्या संगणकावर उमटायचं. दर आठवड्याला तो सगळ्या पालकांना एक तक्ता पाठवायचा. पुष्कळ वापर केलेलं मूल हिरव्या रंगात, मध्यम पिवळ्यात, ज्याने हात लावला नाही ते लाल. समोर नावं.

इथे चिनी शेजाऱ्यांत एक शब्द आहे, किआसू. आपण मागे पडू, दुसऱ्याला जास्त मिळेल, या धास्तीने वागणारा माणूस. ते लोक हा शब्द स्वतःवरच हसत वापरतात. आपल्या लोकांनी ती धास्ती घेतली, हसणं घेतलं नाही. पुण्या-मुंबईहून आलेली ही माणसं, कुणी पैशाचे व्यवहार सांभाळणारी, कुणी मोठमोठ्या भट्ट्या सांभाळणारी. मुलांशी घरात इंग्रजीतून बोलत आणि मुलांना मराठी येत नाही म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादाला उसासे टाकत. पहिल्या तक्त्यात निम्मी मुलं लाल होती. त्या आठवड्यात एका बाईने डोकं दुखतं म्हणून भिशी चुकवली. महिन्याभरात लाल रंग तक्त्यातून गेला. त्यानंतर पिवळाही गेला. सगळं हिरवंगार झालं, श्रावणातलं माळरान व्हावं तसं. फक्त इथे खाली माती नव्हती.

निशिकांतचा चेहरा उजळला. त्याला एक मोठी गोष्ट सापडली होती. मुलं ॲप सगळ्यात जास्त वापरत ती सकाळी, उजाडायच्या आधी. सिंगापूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि त्याच्या आलेखातली रेघ अंधारातच डोंगरासारखी वर चढायची. मग काही वेळाने ती एकदम कड्यावरून पडल्यासारखी खाली यायची. त्या चढाला त्याने एक नाव दिलं, त्या कड्याला दुसरं. मुलांचं लक्ष विशिष्ट वेळ टिकतं आणि मग अचानक तुटतं, असा त्याचा सिद्धांत. प्रोफेसरबाई खूश झाल्या. एक लेख छापायला गेला.

मराठी मंडळींनी त्याचं व्याख्यान ठेवलं. पडद्यावर डोंगर दाखवत तो म्हणाला की आपल्या पूर्वजांनी ब्राह्ममुहूर्तावर अध्ययन करायला सांगितलं, ते आज आकड्यांनी सिद्ध होतंय. टाळ्यांनी खोली भरली. बापांच्या माना अभिमानाने ताठ झाल्या होत्या. मला तेव्हा एवढंच वाटलं, की त्या वेळेला या गावातलं प्रत्येक मूल शाळेच्या बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेलं असतं. राधिकाला अर्धवट झोपेतच मी लिफ्टने खाली न्यायचो. निशिकांत त्या वेळी घरातच असायचा, दाराआड.

पुढच्या महिन्यात राधिकाला कांजिण्या आल्या. आठवडाभर ती अंगाला कॅलामाइन फासून पडून होती. ज्यावर ॲप होतं तो तिचा टॅबलेट कपाटाच्या माथ्यावर होता. रविवारी जेवताना निशिकांतने तिचं कौतुक आरंभलं. एवढा ताप असून तिने एक दिवस चुकवला नाही, तक्त्यात ती दुसरी आली, याला म्हणतात मोटिव्हेशन.

राधिकाने वरणभातातून मान वर केली आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, “आय नेव्हर डू, अंकल. बाबा डू. एव्हरी डे ऑन द बस, लाह.”

प्रतापने कोशिंबीर मागितली. कोशिंबीर त्याच्या ताटात होती.

जेवणं झाल्यावर निशिकांतने त्याला बाल्कनीत गाठलं. प्रतापला फारशी लाज वाटली नव्हती. म्हणाला, “अरे, ती लाल झाली की सुनेत्रा माझं डोकं खाते. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी हिची ट्यूशन, मराठी कधी करणार? तू एक काम कर. राधिकाला लिस्टमधून काढ. बाकीची मुलं करतातच आहेत की प्रामाणिकपणे.”

हे तो मनापासून बोलत होता. बाकीची मुलं करतात आणि आपलीच मागे पडते, म्हणून आपल्याला हे करावं लागतं, असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशिकांत माझ्याबरोबर खाली आला. राधिका अजून घरीच होती, म्हणून मला घाई नव्हती. अंधार होता. इथली कोकिळा उजाडायच्या आधीच झाडात बसून जीव तोडून ओरडते, ती ओरडत होती. जुरोंग आयलंडच्या कंपन्यांच्या बसेस आमच्या इमारतीसमोरच्या थांब्यावर येतात. तिथे प्रताप उभा होता, पलीकडे रवींद्र, अभय, आणखी दोघेतिघे आपलीच माणसं. गळ्यात पास, पाठीला बॅग. सगळे एकमेकांकडे पाठ करून उभे होते आणि प्रत्येकाच्या तोंडावर फोनचा उजेड पडला होता. अंगठे हलत होते. आम्ही झाडाखाली उभे राहिलो.

तेवढ्यात कुणाच्या तरी फोनमधून अनघाचा बसका, मायेचा आवाज आला, “शाब्बास, बाळा.”

ज्याचा फोन होता त्याने तो छातीशी दाबला. पण बाकी सगळ्यांनीही आपापला फोन बंद केला, आवाजाचं बटण चाचपलं. आपलाच वाजला असं प्रत्येकाला वाटलं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. रवींद्रने घसा खाकरून म्हटलं की आज बसला उशीर दिसतोय. अभय म्हणाला, हो ना. भट्टीतली आग कधी किती ठेवायची हे ज्यांना कळतं असे हे बापे, आणि क कमळाचा गिरवताना पकडले जाऊ म्हणून पोरासारखे घाबरलेले. बस आली, तसे ते रांगेत चढले. खिडकीतून पुन्हा तोच उजेड दिसू लागला.

निशिकांतने बस वळेपर्यंत पाहिलं. मग मला विचारलं, कारखान्यात फोन नेऊ देतात का. मी म्हटलं, कॅमेऱ्याचा नाही नेऊ देत, फाटकावर जमा करावा लागतो, प्रताप नेहमी कटकट करतो. त्याच्या सिद्धांतातला कडा कुठे होता ते त्या क्षणी आम्हा दोघांनाही कळलं होतं. मुलांचं लक्ष तुटत नव्हतं. बापांचे फोन जमा होत होते.

खालच्या हॉकर सेंटरमध्ये, एका छपराखालच्या टपऱ्यांत, आम्ही कॉफी घेतली. त्याने साखर ढवळली आणि ढवळतच राहिला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी खरं दिसत होतं. मला वाटलं, आता हा माणूस होतोय. मी म्हटलं, प्रोफेसरबाईंना जाऊन सांग. चूक तुझी एकट्याची नाही.

“काका, लेख छापायला गेलाय. स्कॉलरशिप वर्षअखेर संपते. पुन्हा सुरुवात करायची तर दोन वर्षं, आणि ती मला कोण देणार? मी संपतो.”

मी म्हटलं, खोट्यावर डॉक्टर झालास तरी संपशीलच. समोरच्या टेबलावर एक म्हातारी चिनी बाई शांतपणे अंडं सोलत होती. कॉफी थंड झाली. मग त्याच्या चेहऱ्यावरचं ते खरं हळूहळू विरत गेलं, ओल्या फरशीवरचं पाणी सुकत जावं तसं, आणि त्या जागी त्याची नेहमीची हुशारी आली.

“तसं बघितलं तर डेटा खोटा नाही, काका. बोटं खरी आहेत. बोटं कोणाची, हा माझा रिसर्च क्वेश्चनच नव्हता.”

प्रबंधाच्या शेवटी ‘मर्यादा’ नावाचा एक भाग असतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं. घराच्या मागच्या बाजूला सांडपाण्याची मोरी असते, तसा तो. त्याने तिथे एक वाक्य टाकलं, की काही घरांत पालकांनी मदत केली असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. एवढ्या वाक्यात त्याने ती सगळी सकाळ, तो थांबा, ती माणसं वाहून टाकली. डोंगर आणि कडा मात्र तसेच राहिले.

अनघाला त्याने सांगितलं. नाही सांगितलं असतं तर मी सांगितलं असतं, हे त्याला माहीत होतं. ती बाई फळा पुसत होती, पुसायची थांबली नाही. तो म्हणाला की डिग्री हातात पडू दे ताई, मग सगळ्यांसमोर सांगतो, शब्द दिलाय. ती म्हणाली, तोवर मुलं किती उरतील माहीत नाही. आणि तसंच झालं. मूल हिरव्यात आहे म्हणजे घरीच शिकतंय, मग रविवार कशाला घालवायचा, असं म्हणून लोकांनी मुलं पाठवणं बंद केलं. प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात गेल्या. अनघाने भेंड्या आणणं सोडलं, कारण चिरायला हात नव्हते. निशिकांत त्या काळात खोलीत बसून प्रबंधाची पानं नीट करत होता.

तोंडी परीक्षेहून तो पेढे घेऊनच आला. एका परीक्षकाने विचारलं होतं म्हणे, यातलं एखादं मूल शिकताना तुम्ही प्रत्यक्ष पाहिलं का. त्याने उत्तर दिलं की इतक्या मोठ्या प्रमाणावर तसं करणं व्यवहार्य नव्हतं. परीक्षकाने मान डोलावली. हे सांगताना तो राधिकाला पेढा भरवत होता.

२०१७च्या एका रविवारी मंडळींनी त्याचा सत्कार केला. शाळेचीच खोली, पण आज खुर्च्या कमी पडल्या. शाल, नारळ, सामोसे. बार्शीहून आलेले त्याचे आई-वडील पहिल्या रांगेत बसले होते. वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि सारखे मागे वळून लोकांना नमस्कार करत होते. प्रताप, रवींद्र, अभय एका ओळीत होते. भाषणं झाली. मराठी माणसाने परदेशात काय करून दाखवलं वगैरे. मग अनघा उठली. तिने माइक घेतला नाही, तिला लागत नाही.

“निशिकांत, अभिनंदन. आता तू मला दिलेला शब्द. वर्षभर हे ॲप चाललं. मुलांना मराठी आलं का?”

निशिकांत उभा राहिला. अंगावर शाल होती, हातात नारळ. त्याने समोरच्या बापांकडे पाहिलं. प्रत्येकजण त्याच्याकडे असा बघत होता, की फक्त माझं नाव घेऊ नकोस. मग त्याने स्वतःच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते नुसते हसत होते. आता कुणी त्याची डिग्री काढून घेणार नव्हतं. खरं बोलायला यापेक्षा स्वस्त दिवस त्याला पुन्हा मिळणार नव्हता.

“ताई,” तो म्हणाला, “फार चांगला प्रश्न आहे. पण मुलांना मराठी आलं की नाही, हे माझ्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही. एंगेजमेंट मात्र उत्तम होती, आणि त्याचं सगळं श्रेय इथल्या पालकांना आहे.”

टाळी पहिल्यांदा कुणी वाजवली ते दिसलं नाही. मग सगळ्यांनी वाजवल्या, मोकळ्या झालेल्या माणसांसारख्या, खूप वेळ. अनघा खाली बसली. थोड्या वेळाने उठून तिने सामोशांच्या ताटल्या भरायला घेतल्या, कारण ते दुसरं कुणी करणार नव्हतं.

परतताना निशिकांतचे आई-वडील प्रतापच्या गाडीत बसले. जागा नव्हती म्हणून तो माझ्याबरोबर बसने आला. थांब्यावर उभे असताना त्याने शालीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला, “सांगणार होतो, काका. वाक्यं तयार करून आणली होती.”

“मग?”

“सगळे इतके आनंदात होते.” जरा थांबून तो म्हणाला, “बघू, पुढे कधीतरी.”

अशा गोष्टीला पुढे कधीतरी नसतं, आणि असतं असं मानणाऱ्याला ते समजावता येत नाही. बस आली. त्याला खिडकीची जागा मिळाली. बाहेर रस्त्यावर पर्जन्यवृक्षांच्या फांद्या दोन्ही बाजूंनी एकमेकांत शिरल्या होत्या, खाली संध्याकाळचा उजेड गाळून आल्यासारखा पडला होता. त्याने ते पाहिलं नाही. फोनवर अभिनंदनाचे निरोप येत होते. तो एकेक उघडत होता आणि प्रत्येकाला तेच जोडलेल्या हातांचं चित्र पाठवत होता, न वाचता, अंगठ्याने.